किरण एका गाठीवर, उतार दुसऱ्या गाठीला

पायात काटा मोडतो. दोन दिवस दुर्लक्ष होतं, जखम चिघळते आणि तिसऱ्या दिवशी जांघेत दुखरी गाठ हाताला लागते. घरातलं जुनं माणूस लगेच सांगतं, "अवधाण आलंय, आधी पाय बघ." जखम पायाला, गाठ जांघेत. मधल्या पोटरीला, मांडीला काहीच झालेलं नाही. मग पायातली बातमी जांघेपर्यंत पोचली कशी?

अवधाण म्हणजे लसिका ग्रंथीला आलेली सूज. जखमेत काय घुसलंय याची खबर घेऊन काही पेशी लसिकेच्या बारीक नळ्यांतून जांघेतल्या ग्रंथीत जातात. तिथे प्रतिकारपेशी जमतात, त्यांची संख्या वाढते, ग्रंथी फुगते. कर्करोगाच्या उपचारांतलं एक मोठं कोडं उलगडायला हे अवधाण फार उपयोगी पडतं. ते कोडं असं: रुग्णाच्या अंगात तीन-चार ठिकाणी गाठी आहेत. किरण दिले एकाच गाठीवर. काही महिन्यांनी स्कॅन काढला, तर जिला किरण लागलेही नव्हते ती गाठसुद्धा आटलेली!

असं क्वचितच घडतं. पण जेव्हा घडतं, तेव्हा शरीरात नेमकं काय होतं?

'शेक' म्हणतात, पण ऊब नाही

किरणोपचारांना आपल्याकडे 'लाइट देणं' म्हणतात, 'शेक देणं' म्हणतात. शेक या शब्दाने थोडा घोटाळा होतो, कारण या उपचारात शेकण्यासारखं काहीच नसतं. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलो ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली की ती मात्रा एक ग्रे. नेहमीच्या पद्धतीत एका दिवशी साधारण दोन ग्रे दिले जातात. एवढ्या ऊर्जेने त्या जागेचं तापमान एक अंशाच्या हजाराव्या भागानेसुद्धा वाढत नाही. शंभर ग्रॅमच्या गाठीला एका बैठकीत जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या हजारो पट उष्णता गरम चहाच्या एका घोटात असते.

मग गाठ मरते कशाने? ऊर्जा थोडी असली तरी ती नेमक्या नाजूक जागी बसते. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएच्या धाग्याचे दोन्ही पदर तुटतात. निरोगी पेशी हे तुटलेले धागे बऱ्यापैकी सांधून घेते. कर्करोगाच्या पेशीला ते तितकंसं जमत नाही आणि विभाजनाच्या वेळी ती कोलमडते. म्हणून रेडिएशन संपल्यावरही काही आठवडे गाठ लहान होत राहते.

हा उपचार अगदी जागेपुरता असतो आणि त्यासाठी केवढी खटपट चालते, ते उपचाराच्या खोलीत दिसतं. डोक्याला किंवा मानेला किरण द्यायचे असतील, तर गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लॅस्टिकची चादर रुग्णाच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात. गार झाली की ती चेहऱ्याच्याच आकाराचा कडक मुखवटा होते. पुढे रोज तोच मुखवटा चढवून टेबलाला अडकवायचा, म्हणजे डोकं जराही हलत नाही. छाती किंवा पोट असेल तर कातडीवर खुणा करतात आणि "आंघोळीत या पुसू देऊ नका" असं बजावतात. मग सगळे बाहेर जातात, जाड दार बंद होतं आणि यंत्राचं डोकं रुग्णाभोवती फिरतं. काही मिनिटांत काम संपतं. दुखत नाही, भाजत नाही.

म्हणूनच छातीला रेडिएशन घेणाऱ्या बाईचे डोक्यावरचे केस त्या रेडिएशनमुळे गळत नाहीत. किरण पडले तिथेच परिणाम, हा या उपचाराचा पाया आहे. आणि दूरची गाठ आटते, तेव्हा या पायालाच प्रश्न पडतो.

न्यूयॉर्कमधली एक रुग्ण

मार्च २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधल्या एका रुग्णाची हकिकत छापून आली. तिला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग होता. तो शरीरात पसरला होता. पाठीच्या कण्याशेजारी एक गाठ होती, फुप्फुसाच्या मुळाशी लसिका ग्रंथी वाढल्या होत्या आणि प्लीहेतही गाठी दिसत होत्या. इपिलिमुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारं औषध तिला वर्षभराहून अधिक काळ चालू होतं. तरीही रोग पुढे सरकत होता.

कण्याजवळची गाठ त्रास देऊ लागली. डिसेंबर २०१० मध्ये डॉक्टरांनी फक्त त्या गाठीवर सात दिवसांत तीन बैठकींत मिळून २८.५ ग्रे किरण दिले. हेतू एवढाच, की त्या जागी आराम पडावा. पुढच्या काही महिन्यांत ती गाठ लहान झाली, जशी व्हायला हवी होती. पण फुप्फुसाजवळच्या ग्रंथी आणि प्लीहेतल्या गाठीही आटल्या. तिथे किरण पोचलेच नव्हते. ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे दहा महिन्यांनीसुद्धा, तिच्या शरीरात अगदी थोडा रोग उरला होता आणि तो वाढत नव्हता.

ही हकिकत लिहिणाऱ्या मायकेल पोस्टो, जेड वोल्चॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक मोलाचं काम केलं होतं. त्यांनी तिचं रक्त वेळोवेळी साठवून ठेवलं होतं. ते तपासलं, तेव्हा गाठीतल्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं किरणोपचारानंतर वाढलेली आढळली. तिच्या प्रतिकारयंत्रणेने काहीतरी नव्याने ओळखलं होतं.

नाव १९५३ चं

या घटनेला नाव मात्र तिच्याआधी कितीतरी वर्षं मिळालं होतं. आर. एच. मोल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिओलॉजी'त 'ॲब्स्कोपल' हा शब्द सुचवला. 'ॲब' म्हणजे पासून दूर, 'स्कोपॉस' म्हणजे नेम धरायचं लक्ष्य. लक्ष्यापासून दूर, पण त्याच शरीरात घडणारा परिणाम तो ॲब्स्कोपल परिणाम. मोल यांनी नाव ठेवलं, पण कारण कोणाला ठाऊक नव्हतं.

पुढे अधूनमधून एखादा डॉक्टर अशी हकिकत प्रसिद्ध करी. १९६९ ते २०१४ या काळातल्या अशा नोंदी शोधून एका गटाने एकत्र मांडल्या, तेव्हा त्या भरल्या अवघ्या ४६. कर्करोगाच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांना कधी ना कधी किरणोपचार द्यावे लागतात. जगभरातली ती लाखोंची संख्या आणि या ४६ नोंदी शेजारी ठेवल्या, की ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते कळतं. आणि या ४६ जणांतही प्रत्येक वेळी कारण किरणच होते, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

उंदराच्या दोन कुशी

कारणाचा धागा हाती लागला तो उंदरांत. न्यूयॉर्कमध्येच सँड्रा डेमारिया आणि सिल्विया फॉर्मेंटी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इतका नेटका आहे, की तो सावकाश पाहण्यासारखा आहे.

उंदराच्या दोन्ही कुशींत स्तनाच्या कर्करोगाची एकेक गाठ वाढवली. किरण दिले एकाच कुशीतल्या गाठीला. सोबत काही उंदरांना असं एक प्रथिन टोचलं, ज्याने शरीरातल्या 'डेंड्रायटिक' पेशींची संख्या वाढते. या पेशी म्हणजे आपल्या काट्याच्या गोष्टीतले खबरे. नुसते किरण दिले, तर दुसऱ्या कुशीतल्या गाठीला काहीच झालं नाही. नुसतं प्रथिन दिलं, तरी नाही. दोन्ही मिळून दिले, तेव्हा किरण न मिळालेल्या गाठीची वाढ मंदावली.

मग त्यांनी दोन उलटतपासण्या केल्या. पहिली अशी, की ज्या उंदरांत टी पेशी, म्हणजे हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशी, जन्मतःच नसतात त्यांच्यावर हाच प्रयोग केला. परिणाम नाहीसा झाला. दुसरी अशी, की त्याच उंदराच्या अंगात वेगळ्याच प्रकारच्या कर्करोगाची गाठ ठेवली. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. म्हणजे किरण इकडचे तिकडे गेले, किंवा रक्तात एखादा विषारी पदार्थ पसरला, हे स्पष्टीकरण टिकत नाही. विषाला गाठीची जात कळत नाही. जो कोणी दुसऱ्या कुशीत पोचला, तो पहिल्या गाठीचा चेहरा ओळखून तिच्यासारख्याच गाठीवर तुटून पडला होता.

खबर निघते कुठून, जाते कुठे

आता टप्प्याटप्प्याने पाहू.

आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे छोटे तुकडे आपल्या पृष्ठभागावर टांगून ठेवते. दुकानदार आतल्या मालाचा एकेक नमुना दारात लावतो, तसंच हे. गस्तीवरच्या टी पेशी हे नमुने पाहत फिरतात. ओळखीचा माल असेल तर पुढे जातात, परका दिसला तर हल्ला करतात. कर्करोगाच्या पेशीत बिघडलेली प्रथिनं असतात, त्यामुळे तिचे नमुने पकडले जायला हवेत. पण ती आपल्याच शरीराची पेशी, नमुने बरेचसे ओळखीचे, आणि पुष्कळदा ती ते टांगायचंच कमी करते. दुकान उघडं, दार रिकामं.

किरणांचा मारा झाला की हे चित्र बदलतं. पेशी मरायला लागते, पण गुपचूप मरत नाही. एरवी पेशीच्या आत राहणारं कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रथिन वर येतं आणि भक्षक पेशींना 'मला गिळा' अशी खूण करतं. पेशीचं ऊर्जेचं चलन, एटीपी, बाहेर सांडतं आणि त्याच्या मागावर खबरे येतात. केंद्रकात असणारं एक प्रथिनही बाहेर पडून धोक्याची सूचना देतं.

याहून मोठा इशारा डीएनएचा. घराची कागदपत्रं कपाटात कुलूपबंद असतात; ती अंगणात विखुरलेली दिसली तर शेजारी धावत येणारच. डीएनएची जागा केंद्रकात आहे. किरणांनी तुटलेले त्याचे तुकडे केंद्रकाबाहेर, पेशीच्या द्रवात आले, की पेशीला वाटतं विषाणू घुसला. कारण विषाणू शिरतो तेव्हा असाच भलत्या जागी डीएनए सापडतो. मग ती इंटरफेरॉन हे रसायन सोडते आणि आजूबाजूची प्रतिकारयंत्रणा जागी होते.

डेंड्रायटिक पेशी आता मेलेल्या गाठीचे तुकडे गिळते आणि जवळच्या लसिका ग्रंथीची वाट धरते. (या पेशी १९७३ मध्ये प्रथम ओळखणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, त्याच्या तीनच दिवस आधी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं होतं. स्वतःवरच्या उपचारातही त्यांनी याच पेशी वापरून पाहिल्या होत्या.) लसिका ग्रंथी ही गावाची चावडी. तिथे असंख्य टी पेशींची ये-जा असते आणि प्रत्येकीला एकच ठरावीक तुकडा ओळखता येतो. खबरी पेशी आपला तुकडा पुढे धरते. ज्या टी पेशीला तो जुळतो, ती चेतवली जाते आणि तिच्यासारख्या हजारो तयार होतात. काटा मोडल्यावर जांघेत जे घडतं, तेच इथे घडतं.

आणि रक्ताला गावाची वेस नसते. चावडीतून निघालेल्या या टी पेशी सगळ्या शरीरात फिरतात. प्लीहेतल्या किंवा फुप्फुसातल्या गाठीच्या दारात तोच नमुना टांगलेला दिसला, तर तिथेही हल्ला होतो. या सगळ्याला आठवडे, कधी महिने लागतात. न्यूयॉर्कच्या रुग्णात दूरचा उतार लगेच दिसला नाही, त्यामागे हे कारण असू शकतं.

एवढं कळल्यावर किरणोपचारांकडे पाहायची नजरच बदलते. ज्या उपचाराला इतकी वर्षं नेम धरून मारणारा म्हणून ओळखलं, तो काही वेळा प्रतिकारशक्तीला धडाही देतो. वैद्यकातल्या अलीकडच्या काळातल्या अतिशय सुंदर उलगड्यांपैकी हा एक आहे.

चौकट : चार शब्द

*ॲब्स्कोपल परिणाम:* किरण दिलेल्या जागेपासून दूरची गाठ आटणं.
*डेंड्रायटिक पेशी:* मेलेल्या पेशींचे तुकडे ग्रंथीत नेऊन दाखवणारी पेशी.
*टी पेशी:* ठरावीक नमुना ओळखून त्या पेशीला मारणारी पांढरी पेशी.
*चेकपॉइंट:* टी पेशीवरचा ब्रेक. सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे त्यातले दोन. ते सैल करणाऱ्या औषधांमागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

मग रोज का घडत नाही?

यंत्रणा एवढी जय्यत असेल, तर रेडिएशन घेणाऱ्या प्रत्येकाच्या सगळ्या गाठी का जात नाहीत?

मुख्य अडचण ब्रेकची. टी पेशी बेभान होऊन आपल्याच अवयवांवर उलटू नयेत, म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेक दिले आहेत. कर्करोग ते ब्रेक दाबून धरतो. टी पेशी गाठीपर्यंत पोचते आणि तिथे थकून उभी राहते. इपिलिमुमॅबसारखी औषधं येण्याआधी ॲब्स्कोपलच्या नोंदी इतक्या विरळ का होत्या, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. न्यूयॉर्कच्या रुग्णात ब्रेक औषधाने आधीच सैल झाला होता. किरणांनी दिशा दाखवली, असा अर्थ लावता येतो.

किरणांची स्वतःची दुसरी बाजूही आहे. लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशींचं घराणं, शरीरातल्या किरणांना सर्वांत नाजूक असणाऱ्या पेशींत मोडतं. किरणांच्या वाटेत पुष्कळ रक्त किंवा लसिका ग्रंथी आल्या, की ज्यांनी लढायचं त्याच मरतात. शिवाय किरण पडलेल्या गाठीत प्रतिकार थंड करणारी रसायनंही सुटतात. आणि एकाच रुग्णाच्या दोन गाठीसुद्धा जुळ्या नसतात. मूळ एक असलं तरी वाढताना त्यांचे नमुने बदलत जातात. यकृतातल्या गाठीवरून शिकलेली टी पेशी फुप्फुसातल्या गाठीला ओळखेलच असं नाही.

मात्रेचा प्रश्न तर फारच रंजक आहे. डेमारिया यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांत एकदम २० ग्रे, आठ ग्रेच्या तीन बैठकी आणि सहा ग्रेच्या पाच बैठकी अशी तुलना केली. सोबत ब्रेक सोडणारं औषध होतं. दूरच्या गाठीवर सर्वांत चांगला परिणाम आठ ग्रेच्या तीन बैठकींनी झाला. जास्त मारलं की जास्त फायदा, हा साधा हिशेब चुकला. २०१७ मध्ये त्याचं एक कारण सापडलं. एका बैठकीतली मात्रा साधारण १२ ते १८ ग्रेच्या पुढे गेली, की पेशी ट्रेक्स-१ नावाचं विकर बनवते आणि ते अंगणात सांडलेले डीएनएचे तुकडे साफ करून टाकतं. इशाराच पुसला जातो. माणसात हा आकडा जसाच्या तसा लागू होतो असं अजून ठरलेलं नाही.

माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात

एका रुग्णाची हकिकत मनाला भिडते, पण उपचार ठरतो तो चाचण्यांवर. आणि तिथलं चित्र संमिश्र आहे.

२०१५ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेल्या एका अभ्यासात ४१ रुग्णांना एका गाठीवर ३५ ग्रे आणि सोबत प्रतिकारपेशी वाढवणारं औषध दिलं होतं. ११ जणांत दूरची गाठ लहान झाली. नेदरलँड्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ७६ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना पेम्ब्रोलिझुमॅब हे ब्रेक सोडणारं औषध, निम्म्यांना तेच औषध आणि त्याआधी एका गाठीवर आठ ग्रेच्या तीन बैठकी. बारा आठवड्यांनी प्रतिसाद १८ टक्क्यांच्या जागी ३६ टक्के दिसला. आकडा दुप्पट, पण रुग्ण थोडे, आणि आधी ठरवलेली कसोटी पूर्ण झाली नाही. उलट २०२१ मध्ये डोकं-मानेच्या कर्करोगाच्या ६२ रुग्णांवरच्या चाचणीत निवोलुमॅब या तशाच औषधाला एका गाठीवरच्या किरणांची जोड दिली, तर काहीही जास्तीचा फायदा दिसला नाही. ही चाचणी झाली होती मेमोरियल स्लोन केटरिंगमध्येच, जिथून २०१२ ची ती आशादायक हकिकत आली होती. ज्यांनी आशा दाखवली त्यांनीच तिची परीक्षा घेऊन निकाल मोकळेपणाने छापला, याचं कौतुक व्हायला हवं.

आणखी एक सावधगिरी. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ मध्ये मेलॅनोमा झाला. यकृतातली गाठ शस्त्रक्रियेने काढली, मेंदूतल्या चार ठिपक्यांवर किरण दिले, सोबत पेम्ब्रोलिझुमॅब चालू केलं. डिसेंबरपर्यंत स्कॅनमध्ये रोग दिसेनासा झाला आणि पुढे ते वयाची शंभरी पार करून २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेले. पण ही ॲब्स्कोपलची गोष्ट म्हणता येत नाही. तीन उपचार एकाच वेळी झाले. कशाने किती काम केलं, हे वेगळं काढता येणार नाही. औषध आणि किरण एकत्र दिले की हा पेच नेहमीच पडतो.

आपल्या रुग्णांसाठी

महाराष्ट्रात या प्रश्नाला पैशाचीही बाजू आहे. ब्रेक सोडणारी औषधं पूर्ण मात्रेत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने यावर केलेलं काम म्हणूनच महत्त्वाचं आहे. डोकं-मानेच्या, म्हणजे तंबाखूमुळे आपल्याकडे घरोघर माहीत झालेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरच्या चाचणीत निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिलं गेलं. नेहमीची मात्रा आहे दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांना ही छोटी जोड दिल्यावर एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत किरणोपचार नव्हते, त्यामुळे ती ॲब्स्कोपलबद्दल काही सांगत नाही. पण किरण आणि औषध यांची जोडी उद्या खरोखर उपयोगी ठरली, तर ती आपल्या रुग्णाला परवडण्याचा रस्ता अशा कामातूनच निघेल.

आज मात्र कुठल्याही रुग्णाने "एकाच गाठीला लाइट द्या, बाकीच्या आपोआप जातील" या आशेवर केमोथेरपी, शस्त्रक्रिया किंवा ठरलेले किरणोपचार सोडू नयेत. तसं आश्वासन कोणी देत असेल, तर दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचं मत जरूर घ्यावं. आणि अशा एकत्रित उपचारात भाग घ्यायची इच्छा असेल, तर आपल्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: माझ्या आजारासाठी अशी चाचणी सध्या कुठे चालू आहे का? भारतात होणाऱ्या औषधांच्या प्रत्येक चाचणीची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या सरकारी नोंदवहीत करणं २००९ पासून बंधनकारक आहे, आणि ती नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते.